मराठी माध्यम, पर्यावरणात मास्टर्स आणि इंग्रजी : आधी भाषा की आधी विषय?

भांडुपची_मावशी
रविवार, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

विषय माझ्या भाचीचा. टीवाय बीएस्सी, झूलॉजी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पालिकेच्या शाळेत. पुढे अकरावीपासून सगळं इंग्रजीतून, पण ते नोट्स पाठ करून पेपरात उतरवणं एवढंच. मार्क चांगले आहेत, पण समोरच्याने इंग्रजीत दोन वाक्यं विचारली की पोरगी गप्प होते. तिला पर्यावरणात मास्टर्स करायचंय, आणि हे खूळ आजचं नाही. आमचं माहेर भांडुप पूर्वेचं, खाडीला लागून. आमचे आबा, म्हणजे तिचे आजोबा, निवटी (चिखलात राहणारा मासा) धरायला खाडीत जायचे आणि ही पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागे चिखलात. तिवराच्या फांद्या कुठे तोडल्या, कुठे भराव पडला, कुठल्या वर्षी कालवं मिळायची बंद झाली, हे तिला तोंडपाठ आहे. सगळं मराठीत.

आता अडचण अशी की दाजी एका एज्युकेशन कन्सल्टंटकडे जाऊन आले. त्याने सांगितलं की हिचं इंग्रजी मास्टर्सच्या लायकीचं नाही, आधी अमेरिकेत एक वर्षाचा इंटेन्सिव्ह इंग्लिश प्रोग्राम करू दे, मग तिथेच युनिव्हर्सिटीत एन्व्हायर्नमेंटल स्टडीजला कंडिशनल ॲडमिशन मिळेल. नुसत्या त्या इंग्रजीच्या वर्षाचा खर्च म्हणजे दाजींचा दोन वर्षांचा पगार. ते गावची जमीन विकायच्या गोष्टी करायला लागलेत. भाचीने रडून सांगितलं की मला नाही शिकायचं मग, मी बीएड करते.

मला एवढंच विचारायचंय, की खरंच आधी इंग्रजी आणि मग विषय असंच असतं का? मुंबईत, पुण्यात काय सोयी आहेत? इथे कोणी या वाटेने गेलंय का?


चिखलवाट
रविवार, रात्री ११.३५

मावशी, मी गेलेय या वाटेने, म्हणून झोपायच्या आधी लिहितेय.

पहिलं म्हणजे जमीन विकू नका. दुसरं म्हणजे भाचीला सांगा की बीएड करायचं असेल तर जरूर कर पण घाबरून नको करूस.

मी सातारा जिल्ह्यातली, बारावीपर्यंत सगळं मराठीत. मास्टर्सला आले तेव्हा पहिल्या आठवड्यात चाळीस पानांचा एक लेख वाचायला दिला होता, पुढच्या वर्गात चर्चा. मी रात्री साडेनऊला बसले आणि अडीच वाजता सातव्या पानावर होते. प्रत्येक शब्दावर पेन्सिलने मराठी अर्थ लिहिलेला. सातवं पान झालं तेव्हा पहिल्या पानावर काय होतं ते आठवत नव्हतं. खूप रडले होते त्या रात्री. पण दुसऱ्या दिवशी वर्गात विषय निघाला दुष्काळ आणि चाराछावण्यांचा, आणि त्या चाळीस पानांत जे लिहिलं होतं ते मी आमच्या माणदेशात डोळ्यांनी बघितलेलं होतं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तीन मिनिटं बोलले असेन. वर्ग शांत होऊन ऐकत होता. तेव्हा मला कळलं की माझ्याकडे सांगायला माल आहे, फक्त तो भरायला पोतं नाहीये.

तर माझं सरळ मत, आधी भाषा मग विषय हा क्रम चुकीचा आहे. दोन्ही एकत्र शिकायचं, आणि भाषा विषयातूनच शिकायची.

आता मुंबईतलं सांगते. देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) स्कूल ऑफ हॅबिटॅट स्टडीज आहे, तिथे हवामान बदल आणि शाश्वततेचं मास्टर्स आहे. सीयूईटी-पीजी ही देशभरासाठीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यानंतर संस्थेची स्वतःची पुढची फेरी. फोर्टात इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स. पवईला आयआयटीत एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा विभाग आहे, पण तिथल्या एमटेकला गेट ही प्रवेश परीक्षा लागते आणि नुसत्या बीएस्सीवर जाता येत नाही, आधी एमएस्सी किंवा बीई हवं. गेटमध्ये पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर २०२१ पासून आलाय, तो पुढे उपयोगी पडेल. पुण्यात विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाची वेगळी संस्था आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पण विभाग आहे. घरूनच करायचं असेल तर इग्नूचं एमए एन्व्हायर्नमेंटल स्टडीज.

सीयूईटी-पीजी गेली काही वर्षं साधारण मार्चमध्ये होते, ७५ प्रश्न, सगळे पर्यायी, आणि पेपर इंग्रजी-हिंदी दोन्हीत असतो. म्हणजे प्रवेश परीक्षेत तरी इंग्रजी लिहायची भीती नको. खरी परीक्षा आत गेल्यावर.


ट्रॉम्बेकर
सोमवार, सकाळी ७.१०

मावशी, मी तुमच्यासारखाच खाडीकाठचा, माहूल-ट्रॉम्बे बाजूचा. वडील डोलवाले, म्हणजे डोल जाळं लावून मासे धरणारे.

एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हे शिकून नोकरी काय? माझा मुलगा पण तेच म्हणत होता, मी त्याला इन्स्ट्रुमेंटेशनला घातला. आमच्या पोरांनी शिकून पोट भरलं पाहिजे आधी. पर्यावरणवाले लोक आमच्याकडे येतात, फोटो काढतात, प्रश्न विचारतात, वहीत लिहून घेतात आणि जातात. पुढे त्या वहीचं काय झालं ते आम्हाला कधी कळत नाही, कारण जे छापून येतं ते इंग्रजीत.


अहवालवाला
सोमवार, दुपारी १.२०

ट्रॉम्बेकरांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी देऊ शकतो कारण माझं पोटच यावर चालतं. चौदा वर्षं ईआयएच्या कामात आहे, म्हणजे प्रकल्प यायच्या आधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करून अहवाल बनवायचा.

नोकऱ्या आहेत. सल्लागार कंपन्या, प्रदूषण मोजणाऱ्या लॅब, कारखान्यांचे ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) विभाग, मोठ्या कंपन्यांचे सस्टेनॅबिलिटी रिपोर्ट, प्रदूषण नियंत्रण मंडळाची भरती, पालिकेचं हवामानाचं काम (मुंबईचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन मार्च २०२२ मध्ये आला, त्यानंतर या कामाला माणसं लागायला लागली), स्वयंसेवी संस्था. सुरुवातीचा पगार आयटीएवढा नसतो हे खरं आहे आणि ते मुलीला आधीच सांगा. पण चार-पाच वर्षांनी ज्याला फील्डही कळतं आणि लिहिताही येतं त्याला कोणी सोडत नाही.

आणि मला भाषेबद्दल जे सांगायचंय ते हे. २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे जिथे जनसुनावणी लागते तिथे अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, दोन्हीत द्यावा लागतो. सुनावणीत लोकांनी मांडलेले मुद्दे पण दोन्हीत लिहावे लागतात. म्हणजे कायद्यानेच या कामात दोन भाषा लागतात. आता प्रत्यक्षात काय होतं, इंग्रजी अहवाल तयार होतो आणि शेवटच्या चार दिवसांत कोणाकडून तरी घाईने मराठी करून घेतात.

किनाऱ्यावरच्या एका सुनावणीत मी स्वतः मंचावर होतो. सारांशात ‘आंतरभरती क्षेत्रातील अधिवास’ असं छापलेलं. समोर दोनेकशे माणसं, बहुतेक मच्छीमार. एक आजोबा उठले आणि म्हणाले, साहेब, हे आंतरभरती कुठल्या गावात येतं? मंडपात कोणी हसलं नाही, कारण कोणालाच माहीत नव्हतं. मी माइक घेऊन सांगितलं की आजोबा, ओहोटीला जी जमीन उघडी पडते ना, ती. त्यावर ते म्हणाले, मग तसं लिहा की, आमची शिंपल्याची जागा आहे ती, तिथून पाइप टाकणार आहात? आणि मग पुढचा दीड तास फक्त त्याच जागेवर चर्चा झाली, कारण आख्ख्या प्रकल्पात त्यांच्या पोटाचा मुद्दा तोच होता आणि तो आमच्या कागदात लपून बसला होता. तसंच ‘स्थानिक जाती’ असं छापतात, म्हणजे झाडांच्या स्थानिक स्पीशीज, आणि वाचणारा समजतो की आपल्या जातीबद्दल काहीतरी लिहिलंय.

मावशी, तुमच्या भाचीसारखी मुलगी आमच्या टीममध्ये असती तर हे झालं नसतं. तिचं मराठी आणि तिचं खाडीचं ज्ञान हे भांडवल आहे. इंग्रजी तिने शिकायलाच हवं, पण त्यासाठी हे भांडवल मोडू नका.


शिकवते_इंग्रजी
सोमवार, रात्री ९.०५

सगळं वाचलं, फार छान चर्चा. मी दादरला गेली एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवते, त्यातली बरीचशी मुलं मराठी माध्यमाचीच, म्हणून चिखलवाट यांच्याशी थोडं वेगळं बोलणार आहे.

विषयातून भाषा शिकायची हे शंभर टक्के मान्य. पण काही मुलांना सुरुवातीला काही आठवडे नुसती भाषा, रोज चार-पाच तास, अशी लागतेच. इंटेन्सिव्ह म्हणजे नेमकं हेच, आठवड्यातून दोनदा एक तास नाही. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असा वर्गातला इंग्रजी कोर्स करायचा तर आठवड्याला किमान १८ घड्याळी तास वर्गात बसावं लागतं, ब्रिटनमध्ये युनिव्हर्सिट्या डिग्री सुरू व्हायच्या आधी उन्हाळ्यात काही आठवड्यांचे प्री-सेशनल कोर्स घेतात. पद्धत चांगली आहे. पण तीच पद्धत भांडुपला घरात बसून करता येते, त्याला विमान लागत नाही. आणि हे पालकांनी नीट समजून घ्या की त्या इंग्रजीच्या वर्षाचे सहसा डिग्रीला क्रेडिट मिळत नाहीत. फी वेगळी, वर्ष वेगळं.

स्टेशनबाहेरच्या ‘९० दिवसांत फाडफाड’ वाल्या क्लासला पण नका घालू. माझ्याकडे तिथून आलेली एक मुलगी होती, सगळी फी आधी भरून घेतली होती आणि तीन महिने शिकवलं काय तर स्वतःची ओळख करून देणं आणि मॉलमध्ये कसं बोलायचं. तिला एमएस्सीचा लेख वाचायचा होता, मॉलशी काय संबंध.

मी काय करून घेईन ते सांगते. रोज एक ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे शोधलेखाच्या वर दीडदोनशे शब्दांचा सारांश असतो ना तो, हाताने वहीत उतरवायचा. हाताने. मग प्रत्येक वाक्याचं क्रियापद अधोरेखित. आपली मराठी मुलं इथेच अडकतात कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येतं, मग लांब वाक्यात कर्ता कुठे, क्रिया कुठे, पत्ताच लागत नाही. क्रियापद सापडलं की अर्धं वाक्य उलगडतं. दुसरं, मे, माइट, सजेस्ट, अपिअर्स टू, असले शब्द वेगळ्या रंगाने. शास्त्राचं इंग्रजी ठामपणे बोलत नाही, ते ‘असं दिसतं’, ‘असं असू शकेल’ म्हणत जातं, आणि आपण भाषांतर करताना नेमकं तेच गाळतो आणि अर्थ बदलतो.

तिसरं, शब्द एकटा पाठ नाही करायचा, घराणं पाठ करायचं. इरोड, इरोजन, इरोडिबल. सॅलाइन, सॅलिनिटी. चौथं, एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन साइटवर, पर्यावरणाची फुकट लेक्चर्स आहेत, पाच मिनिटं सबटायटल बंद करून ऐकायचं, ऐकलेलं लिहायचं, मग सबटायटल लावून तपासायचं. पहिल्या आठवड्यात अर्धं चुकेल. चुकू दे.

आणि बोलणं. आरशासमोर वगैरे नको, फोनवर रेकॉर्ड करायचं, दोन मिनिटं, एकाच विषयावर तीन वेळा. तिसऱ्या वेळी जीभ मोकळी होते. विषय तिच्या ओळखीचा द्यायचा. माझी विनंती आहे की तिने निवटीवर दहा वाक्यं इंग्रजीत लिहून इथे मावशींना द्यावी, मी तपासून देते, फी वगैरे काही नाही.


काळंजंगल
सोमवार, रात्री ११.४८ (इथे संध्याकाळ)

मी जर्मनीत फ्रायबुर्गला आहे, पर्यावरणाच्या धोरणांवरच मास्टर्स करतोय, इंग्रजीतून. मूळचा डोंबिवलीचा.

बाहेर यायचंच असेल कधी तर अमेरिकेपलीकडे पण बघा. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. आमचं राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग अपवाद, इथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. पण राहायचा खर्च आहेच आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागले होते. शिवाय भारतातल्यांना एपीएस सर्टिफिकेट (आपल्या मार्कशीट-डिग्र्या तपासल्याचं) लागतं, त्याला वेळ लागतो. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगन, स्वीडनमध्ये लुंड, ही या विषयातली मोठी नावं, पण तिथे फी आहे.

इंग्रजीचं म्हणाल तर आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बऱ्याच ठिकाणी साडेसहा बँड मागतात. चार भाग, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. बोलणं म्हणजे समोरच्या माणसाशी ११ ते १४ मिनिटं गप्पा. निकाल २ वर्षं चालतो त्यामुळे उगाच लवकर देऊन ठेवू नका.

पण मला मनापासून वाटतं की तिने आधी भारतात मास्टर्स करावं. मी इथे वर्गात बसतो तेव्हा ब्राझीलचा मुलगा त्याच्या नदीबद्दल बोलतो, घानाची मुलगी तिच्या जंगलाबद्दल, आणि मला माझ्या उल्हास नदीबद्दल पेपरात वाचलेलं सोडून काही सांगता येत नाही. मी कधी तिच्या काठावर उभाच राहिलो नव्हतो, डोंबिवलीत वीस वर्षं काढून. तुमच्या भाचीकडे ते आहे. त्यावर दोन वर्षं भारतात नीट काम केलं, एखादा प्रबंध लिहिला, तर पुढे तिला स्कॉलरशिप मिळायची शक्यता कितीतरी वाढते. अनुसूचित जातीतली असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा, आणि मुंबईतच जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, १८९२ पासून परदेशी शिकायला कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात.


भांडुपची_मावशी
मंगळवार, रात्री १०.१५

किती लिहिलंत सगळ्यांनी, मी ऑफिसात लंचमध्ये वाचत होते आणि डोळे भरून आले. संध्याकाळी दाजींना घरी बोलावून सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. अहवालवाल्यांची त्या आजोबांची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. काही बोलले नाहीत पण जाताना म्हणाले की त्या कन्सल्टंटला उद्या फोन नको करूस. भाचीने दहा वाक्यं लिहिलीत, वहीतला फोटो काढून @शिकवते_इंग्रजी ताईंना व्यनि (खाजगी निरोप) केलाय. ती म्हणते तिला खातं उघडून द्या, ती स्वतः लिहील.


शिकवते_इंग्रजी
बुधवार, दुपारी ३.४०

वाक्यं बघितली. मावशी, मला फार आनंद झाला.

दहातल्या सात वाक्यांत एकच चूक आहे, ‘द निवटी इज लिव्हिंग इन मड’, ‘इज ईटिंग’, ‘इज गोइंग’. हे मराठीतून येतं, आपण ‘राहत असते, खात असते’ म्हणतो ना. जे नेहमीचं, कायमचं आहे त्याला साधा वर्तमानकाळ, लिव्ह्ज, ईट्स, गोज. एवढी एक गोष्ट सुधारली की सात वाक्यं बरोबर झाली. बाकी ‘मड्स’ नाही म्हणायचं, चिखल मोजता येत नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सहावं वाक्य असं आहे की निवटी ओहोटीला चिखलावर डोकं डावीकडे उजवीकडे फिरवत पुढे सरकते, जसं आपण शेणाने सारवताना हात फिरवतो. मी खास शोधून वाचलं. आपल्याकडची निवटी, बोलिओफ्थाल्मस डुसुमिएरी, खरंच अशी डोकं फिरवत चिखलावरचं शेवाळासारखं सूक्ष्म खाद्य, डायॅटम, खरवडून खाते. शोधलेखात हे साइड टू साइड म्हणून लिहिलंय. या मुलीने ते पुस्तक न वाचता बघून लिहिलंय आणि सारवण्याची उपमा तर कुठल्याच लेखात नाही. हिला इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्याने हिला कधी काही विचारलंच नसणार.


ट्रॉम्बेकर
बुधवार, रात्री ८.३०

मी सोमवारी जे लिहिलं ते मागे घेत नाही, पोट महत्त्वाचंच. पण अहवालवाले भाऊंचं वाचल्यावर मी मुलाशी बोललो. तो आता सेकंड इयरला आहे. म्हणाला बाबा, मला पाण्याचं प्रदूषण मोजायच्या सेन्सरवर प्रोजेक्ट करायचंय, पण तुम्ही चिडाल म्हणून बोललो नाही. मी कशाला चिडू.

पोरीला एक विचारा. तिला आजोबांनी भरतीचा हिशोब शिकवलाय का? तिथीची पाऊणपट?


चिखलवाट
बुधवार, रात्री ८.५०

दादा हे काय असतं, सविस्तर लिहा ना.


निवटी
बुधवार, रात्री १०.२०

नमस्कार, मी मावशीची भाची. हे माझं पहिलंच खातं आहे.

काका, हो, आबांनी शिकवलाय. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनच्या आसपास भरती, आणि पहाटे पण तीनलाच. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला. आबा अष्टमी-नवमीलाच डबा घेऊन निघायचे कारण भर उजेडात चिखल उघडा मिळायचा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या बाजूला भांग, भांगाच्या भरतीला पाणी फार चढत नाही आणि फार उतरत पण नाही.

योगायोग म्हणजे मी कालच हे इंग्रजीत लिहायला बसले होते. आधी तिथी म्हणजे काय तेच लिहावं लागलं, चंद्राचा दिवस. मग कळलं की पाऊण का, कारण भरती रोज साधारण ४८-५० मिनिटांनी पुढे जाते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं, मी नुसता गुणाकार करायचे. इंग्रजीत समजावून सांगायला गेले म्हणून समजलं. उधाणाला स्प्रिंग टाइड म्हणतात आणि भांगाला नीप टाइड. नीप हा शब्द मी बीएस्सीला पाठ केला होता, पण तो आमचा भांगच आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी पण कधी जोडून बघितलं नाही. एकूण एकशे साठ शब्द झाले. दोन तास लागले.


अहवालवाला
बुधवार, रात्री १०.४५

बाळा, हा उतारा जपून ठेव. मुलाखतीत तुला विचारतील की पर्यावरणच का, तेव्हा हाच सांग. तुझ्याच शब्दात.

आणि एक, त्यात शेवटी एक वाक्य घाल की हा हिशोब ढोबळ आहे आणि छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघितला तर किती मिनिटांचा फरक पडतो. महिनाभर रोज ताडून बघ, तक्ता बनव. तो तुझा पहिला अभ्यास.


शिकवते_इंग्रजी
बुधवार, रात्री ११.००

आणि त्या तक्त्याचा आलेख काढून त्यावर १५० शब्द लिहायचे, वीस मिनिटांत. आयइएलटीएसच्या लेखनाचा पहिला प्रश्न हुबेहूब असाच असतो, आलेख दिलेला, तो शब्दात सांगायचा. त्यानंतर पावसाचा घे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्या दिवशी भरती किती वाजता होती ते तुझ्या आबांच्या हिशोबाने काढ आणि लिही. रोज रात्री नऊला मला पाठव. सहा आठवडे, रविवार सोडून. मार्चच्या परीक्षेचा अभ्यास सकाळी, हे रात्री.


काळंजंगल
गुरुवार, पहाटे १.३०

मी पण तो पाऊणपटीचा हिशोब आज वर्गातल्या मैत्रिणीला सांगितला, ती उत्तर समुद्राच्या काठची. ती म्हणाली आमच्याकडे वेगळा आकडा येईल पण पद्धत हीच चालेल, प्रत्येक बंदराचा आपला आकडा. निवटी, तुझा तक्ता झाला की मला पाठव, आम्ही दोघं तिच्या गावचा करतो.


निवटी
गुरुवार, सकाळी ६.४०

हो पाठवते. ताई, रात्री नऊला नक्की. बाबांनी काल माझ्यासाठी जाड वही आणलीय, दोनशे पानी.

ट्रॉम्बेकर काका, येत्या शनिवारी अष्टमी आहे. ऐरोलीला खाडीवर वनखात्याचं जैवविविधता केंद्र आहे, तिथे मी आणि मावशी जाणार आहोत, बाराच्या ओहोटीला. तुमच्या दादाला सेन्सर लावून बघायचा असेल तर त्याला पण पाठवा. फक्त त्याला सांगा बूट नको, चिखलात रुततात, जुनी चप्पल आणि एक जास्तीचा टॉवेल.